डाव्या फुग्यातली हवा

जावई पसंत करण्याआधी मोजमामा तीन दिवस न्हाव्याच्या दुकानात जाऊन बसले होते. मुलगा ज्या कारखान्यात कामाला होता, त्याच्या फाटकासमोरच हे दुकान. पहिल्या दिवशी मामांनी दाढी करून घेतली, दुसऱ्या दिवशी केस कापले, आणि तिसऱ्या दिवशी नुसतं बसणं बरं दिसेना म्हणून उरलेसुरलेही काढायला लावले. एवढ्या टेहळणीतून निष्पन्न काय झालं, तर मुलगा वेळेवर येतो, वेळेवर जातो आणि डबा चौघांत वाटून खातो. "वाटून खातो म्हणजे काहीतरी लपवत असणार," असं मामांचं मत पडलं. मामींनी ते मत ऐकून घेतलं आणि लग्न ठरवलं. लग्नाच्या प्रत्येक फोटोत मामांच्या डोक्यावर टोपी आहे. ती हौसेने घातलेली नाही.

मोजमामा हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. पण खरं नाव आता त्यांच्या सासुरवाडीतही कुणाला आठवत नाही. शिंप्याकडे जाताना हा माणूस स्वतःची टेप घेऊन जाणार. डॉक्टरांनी ताप बघितला की घरी येऊन आपल्या थर्मामीटरने पुन्हा बघणार, आणि फरक निघाला तर दवाखान्यात परत जाणार, अंगात ताप असताना. पोस्टमनची परीक्षा घ्यायची म्हणून एकदा त्यांनी स्वतःलाच एक पत्र टाकलं होतं. पाकिटात कोरा कागद. तिसऱ्या दिवशी पाकीट आलं, आत कोराच कागद होता. तरी मामांचं समाधान झालं नाही. "वाचून परत ठेवला असेल," म्हणाले.

पण गावाला जाताना सगळी गल्ली घराच्या किल्ल्या ठेवते ती मामांकडेच, हेही खरं. जो माणूस स्वतःच्या सावलीकडे मान वळवून बघतो, त्याच्याइतका चांगला राखणदार कुठे मिळणार.

मामांचा धंदा ट्रेलर ओढण्याचा. त्यांच्याकडे एक पिकअप गाडी आहे, आणि मागे जोडायला एक ट्रेलर. चाळीस वर्षांत त्यांनी होड्या ओढल्या, पिठाच्या गिरण्या ओढल्या, एकदा तर चहाची एक अख्खी टपरी ओढली, आत मालक बसलेला असताना. अलीकडे मात्र एकच काम उरलं होतं, आणि ते त्यांना मनापासून आवडायचं. शहराबाहेर एक घोडेस्वारी शिकवणारी शाळा आहे. तिथल्या बाईंचा एक घोडा दर मंगळवारी आणि शुक्रवारी टेकडीपलीकडच्या मैदानावर न्यायचा आणि संध्याकाळी परत आणायचा. बाईंना सगळे घोडेवाल्या बाई म्हणतात. बोलणं मोजकं, बूट गुडघ्यापर्यंत.

चार महिन्यांपूर्वी बाईंनी दुसरा घोडा घेतला आणि मामांच्या गाडीचं बूड बसलं. दोन घोडे चढले की ट्रेलरचा दांडा गाडीची मागची बाजू खाली दाबायचा, आणि गाडी बसलेल्या कुत्र्यासारखी नाक वर करून चालायची. दिवे लावले तर रस्ता अंधारात आणि झाडांचे शेंडे उजेडात. पुढची चाकं रस्त्याला टेकल्यासारखी वाटत नसत, स्टिअरिंग हातात हलकं हलकं लागे. मामांनी गाडी मिस्त्रीकडे नेली. मिस्त्रीने खाली वाकून बघितलं आणि सांगितलं, "मागच्या स्प्रिंगचे पाटे थकले. फुगे बसवू."

फुगे म्हणजे एअरबॅग. मागच्या ॲक्सलवर, चासीच्या खाली, डावीकडे एक आणि उजवीकडे एक असे जाड रबराचे दोन फुगे बसतात. त्यांत हवा भरली की गाडीची मागची बाजू उचलली जाते. दोन्ही फुग्यांना वेगवेगळी नळी, आणि मागच्या चाकाजवळ टायरला असतो तसाच व्हॉल्व्ह, वर टोपण. मिस्त्रीने बसवून दिले आणि पथ्यं सांगितली: नळी सायलेन्सरला लागू द्यायची नाही, कच्च्या रस्त्यावरून आलात की पाण्याने धुवायचं, खडा अडकला तर रबर कापतो. गाडी रिकामी असली तरी हवा पूर्ण काढायची नाही, नाहीतर फुगा दुमडून चिमटतो आणि फाटतो. रिकाम्या गाडीला पंचवीस पॉइंट हवा, दोन घोड्यांना पंचावन्न. दोन्हीकडे सारखी.

"आणि तपासायची कधी?" मामांनी विचारलं.

"अधूनमधून."

"अधूनमधून म्हणजे नेमकं किती वेळा?"

मिस्त्रीच्या हातात तेव्हा दुसऱ्या गाडीचा गिअरबॉक्स होता. तो म्हणाला, "मनात येईल तेव्हा."

हे वाक्य दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं तर चाललं असतं.

त्यातच मामांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. एका बुधवारी एका डोळ्याचं ऑपरेशन ठरलं, पुढे दुसऱ्याचं, आणि सगळं मिळून सहा आठवडे गाडी चालवायची नाही असं डॉक्टरांनी बजावलं. म्हणजे किल्ली जावयाकडे द्यायची. जावयाचा कारखाना दोन वर्षांपूर्वी बंद पडला, तेव्हापासून तो मामांच्या हाताखालीच होता. लेक-जावई पलीकडच्या गल्लीत राहतात. जावई गाडी चांगली चालवतो, घोडे त्याच्या मागे कुत्र्यासारखे येतात, आणि मामांच्या प्रत्येक सूचनेला तो "बरं मामा" म्हणतो. दुसऱ्या सासऱ्याला आणखी काय हवं असतं. आमच्या मामांना मात्र रात्रंदिवस एकच घोर: सहा आठवड्यांनी किल्ली परत मिळेल का? आणि जावयाला किल्ली नाही दिली, तर घोड्यांचं काम जाणार, जावई रिकामा होणार, आणि त्याचा भाऊ दूरच्या शहरात गोदामात नोकरी देतो म्हणून कधीचा बोलावतच होता. जावई गेला की लेक जाणार. हे सगळं मामींनी मामांना स्वच्छ शब्दांत सांगितलं होतं, जेवताना, म्हणजे उठून जाता येऊ नये.

नेमक्या त्याच दिवसांत डाव्या फुग्यातली हवा जायला लागली.

सकाळी मामा पंचवीस पॉइंट भरायचे आणि संध्याकाळी हवा मोजायचा गेज लावला की वीस-एकवीस. उजवीकडे मात्र जिथल्या तिथे. मामांनी तीन दिवस बघितलं. तीनही दिवस तेच. गेज खोटा असेल म्हणून त्यांनी दुसरा गेज आणला. पहिला गेज लावला, पंचवीस. लगेच दुसरा लावला, तेवीस. मामांनी मान डोलावली, नवा गेज कमी दाखवतो. खात्रीसाठी दुसऱ्या दिवशी उलटं केलं: आधी नवा लावला, पंचवीस. मग जुना लावला, तेवीस. आता मात्र मामा चमकले. काल खरा असलेला गेज आज फितूर झाला होता.

मग त्यांनी टोपणावर पांढऱ्या रंगाचा एक ठिपका दिला आणि तो ठिपका बरोबर वर येईल असं टोपण बसवलं. संध्याकाळी बघतात तो ठिपका खाली आणि हवा थेट दहावर.

"कुणीतरी हात लावतंय," ते मामींना म्हणाले.

"कशाला?"

"हवा काढायला."

"अहो, हवा चोरून कुणी काय करणार? घरी नेऊन ठेवणार?"

"आणि डावीकडचीच का जाते? उजवीकडची का नाही? सांग."

मामींना सांगता आलं नाही, म्हणून मामांनीच सांगितलं. गाडी अंगणात लावतात ती उजवी बाजू भिंतीला घासून. तिकडच्या व्हॉल्व्हपाशी जायचं तर गाडी बाहेर काढावी लागते. डावी बाजू मोकळी, स्वयंपाकघराच्या दारासमोर. "म्हणजे चोराकडे गाडीची किल्ली नाही," मामा म्हणाले. "अजून नाही."

त्या "अजून"वर जोर असा होता की मामींच्या हातातलं लाटणं थांबलं.

मामांच्या डोक्यात सगळी मांडणी तयार झाली होती. जावई रोज थोडी हवा काढतो. म्हातारा भरतो, तरी हवा कमीच निघते. म्हणजे म्हाताऱ्याला गेजवरचे आकडेही नीट दिसत नाहीत, असं घरात सिद्ध होतं. मग सहा आठवडे कशाला, किल्ली कायमचीच ठेवा तुमच्याकडे. शिवाय एवढे दिवस "बरं मामा, बरं मामा" चाललंय, ते उगाच नव्हे. या जगात कुणी कारणाशिवाय गोड बोलत नाही, यावर मामांचा विश्वास होता. त्यांचा विश्वास असलेली ही जवळजवळ एकमेव गोष्ट.

तरी आधी मिस्त्रीला दाखवू म्हणून ते गाडी घेऊन गेले. मिस्त्रीने बादलीत साबणाचं पाणी केलं, ब्रशने फुग्याला, नळीला, व्हॉल्व्हला, सगळीकडे फेस फासला आणि उकिडवा बसून राहिला. गळती असती तर बुडबुडे आले असते. एकही आला नाही.

"नीट बघ," मामा म्हणाले.

"मामा, याला अभ्यंगस्नान घातलं. याहून नीट काय बघू? तुमच्याच डोळ्यांसमोर आहे."

"माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन आहे."

"मग जावयांना पाठवा, त्यांना दाखवतो."

मामांनी हे वाक्य जसंच्या तसं मनात ठेवून दिलं. मिस्त्रीला जावईच का आठवावा?

"हवा तपासता किती वेळा?" मिस्त्रीने हात पुसत विचारलं.

हा माणूस आपल्याकडून माहिती काढून घेतोय हे मामांनी ओळखलं. "गरजेपुरती," ते म्हणाले, आणि गाडीत बसून निघाले. खरं उत्तर दिलं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती, आणि पुढचा तमाशा वाचला असता.

पण मामांना आता पुरावा मिळाल्यासारखं झालं होतं. फुगा धडधाकट आहे म्हणजे हवा माणूसच काढतोय. घरी आल्या आल्या त्यांनी घोडेवाल्या बाईंना फोन लावला. शनिवारची दुपार होती. म्हणाले, "पुढचे सहा आठवडे गाडी जावई आणणार असं मी बोललो होतो. त्याच्या भरवशावर राहू नका."

"का?" बाईंनी विचारलं.

"गाडीतली हवा काढतो."

"कशासाठी?"

"ते तपासात निष्पन्न होईल."

बाईंनी फोनजवळची डायरी उघडली. मग म्हणाल्या, "या मंगळवारी तुम्ही आहात. शुक्रवारचं मला सोमवारपर्यंत नक्की सांगा. नाहीतर मी दुसरी गाडी बघते. मला घोड्यांना ताटकळत ठेवता येत नाही."

रविवारी लेक-जावई जेवायला यायचे होते. मामांनी बेत आखला. साडेअकराला त्यांनी पिशवी घेतली, चष्मा लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मी डोळ्याचे थेंब आणायला चाललोय. तासभर लागेल." पुढच्या दाराने बाहेर पडले, घराला वळसा घालून मागच्या दाराने आत आले, आणि बाथरूममध्ये शिरून कडी लावली. बाथरूमची खिडकी अंगणात उघडते. बादली पालथी घालून मामा तिच्यावर बसले. हातात वही, कानावर पेन्सिल.

दहा मिनिटांनी मामी आल्या. इकडेतिकडे बघितलं. पदराखालून गेज काढला. तो मामांचाच जुना गेज होता, कपाटाच्या खणातला. खाली वाकल्या, टोपण काढलं, गेज लावला. फुस्स. आकडा बघितला, टोपण लावलं, आत गेल्या. मामांना बादलीवर बसल्या जागी घाम फुटला. अडतीस वर्षांचा संसार.

त्यांनी वहीत वेळ लिहिली.

मग लेक आली. ती तर टोपण दातात धरून काम करत होती, चांगली सरावलेली. फुस्स. ती गेल्यावर पाच मिनिटांनी जावई आला. त्याने आधी रुमालाने व्हॉल्व्ह पुसला, मग गेज लावला, आणि आकडा बघून त्याचा चेहरा असा पडला की मामांना वाटलं, हा नाटकातही काम करत असणार. तिसरी वेळ लिहून मामांनी वही मिटली. तिघंही सामील होते.

जेवायला सगळे बसले. मामांनी पहिला घास हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला.

"मघाशी गाडीपाशी कोण कोण गेलं होतं?"

मामींनी आमटी वाढायला घेतली.

"बाथरूमच्या खिडकीतून सगळं दिसतं मला."

"म्हणजे थेंब आणायला गेलाच नव्हतात?" मामी म्हणाल्या.

"तो प्रश्न नाही."

"तोच प्रश्न आहे. तासभर आतून कडी. मी दोनदा दार वाजवलं. म्हटलं कडी अडकली की काय, सुताराला बोलवावं का. ओ तरी द्यायची."

"ओ दिली असती तर पकडले कसे गेले असतात? सांग, तू तिथे काय करत होतीस?"

"हवा बघत होते."

"का?"

"संध्याकाळी तुम्ही गेज लावून आत आलात की चेहरा कसा असेल, ते मला आधी कळलं म्हणजे बरं पडतं. कमी असली तर मी शेजारी जाऊन बसते."

मामांनी लेकीकडे बघितलं. "आणि तू?"

"मी हे बघायला रोज येते बाबा, की आज तुम्ही यांच्यावर आळ घेणार की नाही. कमी असली तर यांना आधीच सांगून ठेवते, आज बाबांसमोर जास्त बोलू नका."

"आणि जावईबापू, तुम्ही?"

जावयाने मान वर केली नाही. "मी रोज दुपारी बघतो मामा. कमी झाली असेल तर तुम्ही यायच्या आत भरून ठेवावी म्हणून."

"मग भरत का नाही?"

"कॉम्प्रेसरच्या खोलीची किल्ली तुमच्या कमरेला असते."

मामांचा हात कमरेकडे गेला. किल्ली होती. त्यांनी घास ताटात ठेवला. "म्हणजे तिघंही रोज टोपण काढता, आणि हवा कुणीच काढत नाही. मग काढतो कोण? घोडा?"

कुणालाच उत्तर माहीत नव्हतं, ही यातली खरी गंमत. तिघंही एकमेकांकडे बघायला लागले. लेकीने आईकडे बघितलं, आईने जावयाकडे. मामांचा रोग संसर्गजन्य होता.

"ते काही असो," मामा म्हणाले. "मी बाईंना काल फोन करून सांगितलंय. जावयाच्या भरवशावर राहू नका म्हणून."

जावयाने पाण्याचा तांब्या बाजूला सरकवला. मग म्हणाला, "आज सकाळी घोड्यांना खरारा करायला गेलो होतो. बाई नुसत्या माझ्याकडे बघत होत्या. मला वाटलं शर्टाचं बटण तुटलंय." तो उठला, आपलं ताट स्वतः घासलं, पालथं घातलं आणि पायात चपला सरकवून बाहेर गेला.

लेकीने आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. "बाबा, यांच्या भावाला मी आज फोन करते. गोदामातली जागा अजून रिकामी आहे. सहा आठवड्यांसाठी नाही, कायमचं जातो. तुमची हवा तुम्ही सांभाळा."

तीही गेली. मामींनी मामांना दुसऱ्यांदा भात विचारला नाही.

मामा अंगणात आले. कॉम्प्रेसर लावून डाव्या फुग्यात पंचवीस भरली आणि गेज लावून पडताळली. मग एक स्टूल आणून फुग्यासमोर ठेवलं आणि गेज हातात घेऊन त्यावर बसले. आता बघू कोण येतं. घरात मामी होत्या आणि त्यांनी दार लावून घेतलं होतं. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. मामांनी थोड्या वेळाने गेज लावला. तेवीस. वहीत लिहिलं. मागेपुढे बघितलं, गाडीखालीही बघितलं. पुन्हा लावला. एकवीस. मामा स्टुलावरून उठले, भिंतीपलीकडे डोकावले, परत आले. एकोणीस. कुणी फिरकलं नव्हतं. माणूस म्हणून त्या अंगणात ते एकटे होते. त्यांनी पुन्हा गेज टेकवला, आणि या वेळी, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, त्यांनी तो आवाज लक्ष देऊन ऐकला.

फुस्स.

मामांनी गेज मांडीवर ठेवला आणि हिशेब मांडला.

चाळीस वर्षं त्यांनी टायर तपासले होते. टायरच्या पोटात हवा रांजणभर. गेज लावताना त्यातली चमचाभर निसटली तर कुणाच्या लक्षात येणार? या फुग्याचं पोट तांब्याएवढं. एकदा गेज लावला की दोन पॉइंट गेले. सकाळी भरल्यावर जुना गेज एकदा, नवा एकदा. दुपारी एकदा. संध्याकाळी पुन्हा दोन्ही. मामी, लेक आणि जावई, प्रत्येकी एकदा. आठ फुस्सांत पंचवीसचे नऊ-दहा झाले, तर त्यात फुग्याचा काय दोष? आणि उजवीकडची हवा टिकली, कारण भिंतीने तिला मामांपासून वाचवलं होतं.

पण एवढ्यावर विश्वास ठेवतील तर ते मामा कसले. त्यांनी पुन्हा पंचवीस भरली, एकदाच गेज लावून पडताळली, टोपण लावलं आणि हात मांडीखाली घालून तासभर बसले. हा तास त्यांना ऑपरेशनपेक्षा जड गेला असं ते नंतर म्हणाले. तासाने गेज लावला. तेवीस. एका फुस्सने जाते तेवढीच गेली होती, बाकी तासाभरात एक पॉइंटही नाही. आठांतले पाच फुस्स त्यांचे होते. टोळी होती हे खरं, पण तिचा म्होरक्या बादलीवर बसून इतरांच्या वेळा लिहीत होता.

संध्याकाळी ते पलीकडच्या गल्लीत गेले. जावई पुस्तकांचं खोकं दोरीने बांधत होता. मामा दारात उभे राहिले. माफी मागायची कशी हे त्यांना माहीत नव्हतं, कधी सवयच पडली नव्हती.

"जावईबापू, प्रत्येक वेळी गेज लावला की दोन पॉइंट जातात."

"कुठे जातात?"

"बाहेर. गेज लावणाराच काढतो. तुम्ही एकदा काढता, मामी एकदा, लेक एकदा." मामा जरा थांबले. "मी पाचदा."

लेक आतून बाहेर आली आणि तिने तोंडावर हात ठेवला. ती हसत होती की रडत होती ते मामांना दिसलं नाही, मोतीबिंदू होता. जावई मात्र हसला नाही. त्याने दोरीची गाठ पक्की केली.

"मला कळलं मामा. पण बाईंना?"

"आत्ता फोन करतो."

"आळ घेतलात तेव्हा फोनवर घेतलात, मी तिथे नव्हतो. आता उतरवायचा तर माझ्यासमोर उतरवा. त्यांच्या दारात." आणि मग जरा वेळाने, सवयीने, "चालेल ना मामा?"

सोमवारी सकाळी मामा आणि जावई तबेल्यात गेले. मामीही आल्या होत्या, साक्षीला. बाई घोड्याचा खूर मांडीवर घेऊन साफ करत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"हवा काढणारा सापडला," मामा म्हणाले.

"कोण?"

"मी."

बाईंनी खूर खाली ठेवला. मामांनी सगळं सांगितलं. सांगताना एकदा त्यांनी "तसं पाहिलं तर मिस्त्रीची चूक" असं सुरू केलं, तेव्हा मामी खाकरल्या. मामा मूळ मुद्द्यावर आले.

"म्हणजे तुमचे जावई दिवसातून एकदा हवा तपासत होते," बाई म्हणाल्या.

"हो."

"आणि तुम्ही पाच वेळा."

"हो."

"मग शुक्रवारी घोडे कोणाच्या हाती देऊ?"

मामांनी घोड्यांकडे बघितलं, मग जावयाकडे.

"कमी वेळा बघणाऱ्याच्या," ते म्हणाले.

बुधवारी ऑपरेशन झालं. शुक्रवारी सकाळी मामा घरात खुर्चीवर बसले होते, एका डोळ्यावर पट्टी, वर काळा चष्मा. खुर्ची खिडकीकडे पाठ करून ठेवली होती. ती लेकीने तशी ठेवली होती आणि हलवायची नाही असं सांगून ती फाटक उघडायला अंगणात गेली होती. अंगणात कॉम्प्रेसर सुरू झाला. जावई दोन घोड्यांची हवा भरत होता, पंचावन्न. मामा मनातल्या मनात सेकंद मोजत होते. त्यांच्या मोजणीत पंचेचाळीसच झाले, त्यांच्या हिशेबाने अजून दहा हवे होते, आणि कॉम्प्रेसर थांबला. मामांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. मग डावीकडे एक फुस्स ऐकू आलं. मामा दुसऱ्याची वाट बघत राहिले. ते आलं नाही. गाडी भिंतीपासून पुढे घेतल्याचा आवाज, पुन्हा कॉम्प्रेसर, मग उजवीकडे एक फुस्स. तिकडेही दुसरं नाही. ट्रेलरचा दांडा हुकात बसल्याचा खट्ट आवाज आला, साखळी वाजली, आणि गाडी फाटकाबाहेर पडून टेकडीच्या दिशेने गेली.

मामी चहा घेऊन आल्या. "गेले?"

"गेले."

"काही बोलला नाहीत?"

"डोळ्यांवर ताण द्यायचा नाही म्हणालेत डॉक्टर."

"तोंडावर नाही म्हणाले."

मामांनी चहाचा एक घोट घेतला. "एकदाच बघितली त्याने. दोन्हीकडे एकेकदाच."

"मग?"

"मग काय. बरोबर आहे." त्यांनी कप बशीत ठेवला. "परत किती वाजता येतील?"

"येतील तेव्हा येतील."

मामांनी चांगल्या डोळ्याने हळूच समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे नजर टाकली. तिथे नुसता खिळा होता. घड्याळ मामींनी आधीच उतरवून कपाटात ठेवलं होतं.